सीटवरचं वजन

पाऊस गेलेला असतो आणि थंडी अजून कसाऱ्याच्या घाटापलीकडेच कुठेतरी असते, त्या मधल्या दिवसांचं कुणी कधी कौतुक केलेलं मला आठवत नाही. पावसाचे लाड होतात, थंडीचे होतात, आंब्यांच्या नावाखाली उन्हाळ्याचेही होतात. हे दिवस मात्र 'काय बाई उकडतंय' एवढ्यावर निघून जातात. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे माझ्या लेखी हे सहामाही परीक्षेचे दिवस. घामाने उत्तरपत्रिका मनगटाला चिकटायच्या, आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोनशे लिहिणारा एखादा महाभाग दर वर्षी निघायचाच. त्याला शून्य देताना मला भारी आनंद व्हायचा, आता निवृत्त झाले म्हणून सांगते.

परवा विलासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गाडीवरचं पावसाळी कव्हर काढलं. आमची पद्मिनी, पिस्ता रंगाची, वर्तकनगरच्या आमच्या इमारतीखाली चिंचेच्या सावलीत उभी असते. दार उघडलं तसा तापलेल्या रेक्झिनचा वास आला, त्यात जुनं रबर आणि थोडंसं ग्रीस. मी पिशवी हातात घेऊन भाजीला निघालेले, ती तिथेच थांबले. काही वास डोक्यात न जाता थेट खांद्यात जातात. माझ्या डाव्या खांद्यात हा वास बसलेला आहे, त्या एका ऑक्टोबरपासून.

त्या वर्षी मला उन्हाळा असा लाभलाच नाही. डाव्या बाजूला गाठ निघाली, ऑपरेशन झालं, काखेतल्याही गाठी काढल्या, मग औषधांचे ते सगळे फेरे. पाऊस मी खिडकीतून पाहिला, तोही झोपून. केस गेले, वजन गेलं, तोंडाची चव गेली. राग तेवढा शाबूत राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हात वापरायचा हं, जपत बसायचं नाही." म्हणून मी रोज भिंतीसमोर उभी राहून बोटांनी भिंत चढायचे. आज कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत, उद्या त्याच्या वर. पालीसारखी. विलास स्वयंपाकघरातून बघायचा आणि मी वळले की भांडी घासायला लागायचा.

माणसं असल्या वेळी देव धरतात. आमच्या घरात देव नाहीत, माझ्या सासऱ्यांनी ते केव्हाच सोडले. विलासने गाडी धरली.

आता त्या गाडीचं दुखणं काय होतं ते सांगते, कारण ते त्या दिवसांत मला माझ्या दुखण्याइतकंच पाठ झालेलं. गाडी जुनी, तिची पुढची चाकं कशी उभी राहणार, किती कलणार, हे सगळं जुन्या पद्धतीच्या टायरांसाठी बेतलेलं. विलासने तिला नवे टायर घातले आणि ती हायवेला भटकायला लागली. जरा वेग घेतला की कधी डावीकडे, कधी उजवीकडे, सारखी हाताने सरळ आणावी लागायची. विलासचे दोन-चार जुन्या गाड्यावाले मित्र आहेत, त्यांनी त्याच्या डोक्यात भरवलं की पुढच्या चाकांचे कोन बदल, गाडी बघ कशी पळते. मग काय! जेवताना कोन, चहाला कोन. मी औषधं घेऊन मळमळत पडलेली आणि हा उशाशी बसून मला समजावतोय.

"सायकलचा चिमटा बघ, सुमन. चाकाला धरणारा. तो सरळ उभा नसतो, तिरका असतो की नाही? म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीतपण तसंच. त्याला कास्टर म्हणतात. तो वाढवला की वळण संपलं की चाक आपोआप सरळ होतं."

"मला भूमिती नको शिकवूस," मी म्हटलं. पण समजलं मला. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला समजलेली आणि आवडलेली तेवढी एकच गोष्ट होती.

काम केलं कल्याणपलीकडच्या मोहने गावच्या भोईरांनी. बंद कारखान्याच्या लांबलचक भिंतीपासून जवळच त्यांचं गॅरेज, पत्र्याचं, पुढे शेवग्याचं झाड. माणूस विलासच्या वयाचा, पोट सुटलेला, आणि आपल्या कामावर इतका खूश की विचारू नका. चाकाला वरून धरणाऱ्या आर्मची भोकं जरा खाली पाडली, मुळाशी पातळ पत्र्याच्या पट्ट्या सारल्या, चाकं वरून किंचित आत झुकवली, कास्टर वाढवला. भाद्रपद सगळा त्यात गेला. मग दोघांनी गाडी भिवंडी बायपासला पळवून पाहिली, एकदा नाही, अनेकदा, आणि विलास घरी आला तो लग्न ठरल्यासारखा. "हात सोडले मी, सुमन! मानकोलीपासून खारेगावपर्यंत सरळ रेषा!"

मी म्हटलं, "मग आता मी चालवून बघते."

त्याचा चेहरा बघायला हवा होता. मग "हो हो, बघ ना," म्हणाला, पण चावी द्यायला जरा वेळ लावला.

ही गाडी मी वर्षानुवर्षं चालवलेली आहे. वर्तकनगर ते कळव्याची शाळा, पुढच्या सीटवर वह्यांचे गठ्ठे. विजयादशमीला पांढऱ्या साड्या नेसून आम्ही बायका विहारात जायचो तेव्हाही स्टेअरिंगवर मीच, मागे बायका खच्चून भरलेल्या. विलास चांगला चालवतो, पण मी जास्त चांगली चालवते, हे त्यालाही मान्य आहे, फक्त तो चारचौघांत बोलत नाही. त्यामुळे त्या दुपारी मी खाली उतरले तेव्हा मला चालवता येईल का, हा प्रश्नच माझ्या मनात नव्हता. प्रश्न एवढाच होता की मी पुन्हा मी होणार का. इतके महिने लोक मला धरून उठवत होते, धरून बसवत होते. गाडीत कुणी धरत नाही.

ऊन असं की बॉनेटवर पापड भाजावा. मी बसले, गाडी सुरू केली, गिअर टाकला. या गाडीचा गिअर स्टेअरिंगच्याच दांड्याला, डाव्या हाताला. वर उचलून टाकताना काखेत चर्र झालं, पण टाकला. आता बाहेर पडायचं म्हणजे चाकं पूर्ण उजवीकडे वळवायला हवीत, कारण समोर खांब आणि बाजूला तळमजल्यावरच्या काकूंच्या तुळशीच्या कुंड्या. मी स्टेअरिंग फिरवलं. फिरेना. परत जोर लावला. अर्धवट फिरलं आणि हातातून सुटून उलटं आलं.

"अगं, ते जरा जड झालंय," विलास खिडकीशी वाकून म्हणाला. "कास्टर वाढवला ना, उभ्या गाडीला थोडं जड लागतंच. पण सरळ काय सुंदर जाते!"

"अरे, मला सरळ जायचं नाहीये! मला गेटातून वळायचंय!"

काकू बाहेर आल्या. त्यांना वाटलं आमचं भांडण चाललंय, आणि ते खरंच होतं. मी तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा खांद्यातून अशी कळ गेली की डोळ्यांसमोर काळं झालं. मी गाडी बंद केली, चावी काढली आणि वर निघून आले. चहा घेतला नाही. विलासशी बोलले नाही. न्हाणीघरात नळ मोठा सोडून रडले, आणि रडताना सगळ्यात जास्त राग मला त्या कोनाचा येत होता. आजाराचा नाही. आजार काही मुद्दाम कुणी केलेला नव्हता. हा कोन दोन शहाण्या माणसांनी मोजून, विचार करून, खूश होऊन ठेवलेला.

कित्येकदा वाटतं, आपल्या घरांमध्ये सुधारणा अशाच होतात. ओटा नवीन करतात, उंच आणि चकचकीत, आणि जिला रोज त्याच्यासमोर उभं राहायचंय तिचं कोपर त्याच्यावर पोचत नाही. दोष कुणाचाच नसतो. करणारा खूप मनापासून करतो. फक्त मोजताना ती तिथे नसते, ती मागच्या खोलीत निजलेली असते किंवा कामावर गेलेली असते. आणि मग तिलाच ऐकावं लागतं, एवढं केलं तरी हिचं तोंड वाकडंच.

दोन दिवस अबोल्यात गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी विलास म्हणाला, "चल, भोईरकडे जाऊ. काढून टाकू सगळं."

जाताना गाडी तो चालवत होता आणि मी शेजारी. खारेगावच्या पुलावर वेग घेतला. खोटं कशाला बोलू, गाडी खरंच अप्रतिम चालत होती. खाडीवरून वारा आडवा येत होता, शेजारून ट्रेलर जात होते, आणि आमची म्हातारी पट्टी लावून रेघ ओढावी तशी चाललेली. पूर्वी याच पुलावर माझे दोन्ही हात सतत काम करत. आता करावं लागलं नसतं. म्हणजे जो कोन मला गेटातून बाहेर पडू देत नव्हता, तोच हायवेला माझा खांदा सांभाळणार होता. त्रिकोणाचा एक कोन मोठा केला की उरलेल्या दोघांना आकसावं लागतं, हे मी हजारो पोरांच्या डोक्यात घातलं, आणि इथे माझ्याच डोक्यात शिरायला इतकी वर्षं लागली. पण हे मी विलासला सांगितलं नाही. अबोला चालू होता.

रांजणोली, कोन गाव, दुर्गाडी, कल्याण. मोहन्याच्या अलीकडे रस्त्याला लागून भाताची खाचरं आहेत अजून काही, इमारतींच्या मधे राहिलेली. भात पिवळं पडून कापायला आलेलं. काच खाली केली तर तो कोरडा, गोडसर वास आत आला, आणि कित्येक महिन्यांनी मला भूक लागली. चक्क भूक. आंबिवलीच्या बाजूने एक लोकल शिट्टी देत गेली. वाटलं, उतरावं आणि कुठेतरी वडापाव खावा.

भोईरांनी बघताच हात जोडले. "जय भीम, ताय! कशी हायेस आता?" त्यांच्या बोलीत तुम्ही आणि तू शेजारी-शेजारी नांदतात, मला आवडतं ते. विलासने सगळी तक्रार सांगितली. भोईर डोकं खाजवत म्हणाले, "आमी धावत्या गाडीला बघितला ना. उभ्या गाडीला कोन बघतंय?"

ठरलं असं की सगळं काढायचं नाही, कास्टर थोडा कमी करायचा, बाकी तसंच ठेवायचं. मोजायची त्यांची पद्धत अशी: गाडीच्या दोन्ही बाजूंनी चाकांच्या मध्याच्या उंचीवर दोरा ताणून बांधायचा, आणि त्या दोऱ्यापासून चाकाची कड पुढे किती आणि मागे किती, ते पट्टीने बघायचं. आणि हे करताना चालवणाऱ्याच्या जागेवर वजन हवं, कारण माणूस बसला की गाडी त्या अंगाला दबते आणि कोन बदलतात. विलास सवयीने दार उघडून आत बसायला लागला.

मी म्हटलं, "थांब. मागच्या वेळी कोण बसलं होतं?"

"मीच."

"उतर. मी बसणार."

भोईर मधे पडले. "ताय, उन जाम हाय. तुमी कशाला बसताव? मी गोनी ठेवतू ना तांदलाची, तुमच्या वजनाची."

"गोणी चालवणार आहे का गाडी?"

भोईर हसायलाच लागले. मी बसले. दोघं खाली शिरले, एक डावीकडून, एक उजवीकडून. मला ताकीद मिळाली की हलायचं नाही. पत्रा तापलेला, घाम पाठीवरून ओघळतोय, समोर काचेतून शेवग्याचं झाड आणि त्यावर टिचभर एक पक्षी अखंड उड्या मारतोय. मी दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून होते. इतके महिने मी ज्या-ज्या ठिकाणी न हलता पडून राहिले, त्या सगळ्या ठिकाणी माझ्यावर काहीतरी केलं जात होतं. इथे माझ्यामुळे काहीतरी होत होतं. माझ्या उरलेल्या, हलक्या झालेल्या वजनाने गाडी जेवढी दबली होती, तेवढीच ते मोजत होते.

आणि मग मला ते विचारावंसं वाटलं. समोरासमोर कधी विचारलं नसतं. तो खाली होता, त्याचे फक्त पाय दिसत होते, म्हणून विचारता आलं.

"विलास, मागच्या वेळी मला का नाही बोलावलंस बसायला?"

खालून पान्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"तू आजारी होतीस अगं."

"भाद्रपदात मी जिने चढत-उतरत होते. खरं सांग."

भोईर दुसऱ्या बाजूने बाहेर आले, "मी जरा पाना बघतू," म्हणाले आणि रस्त्यापलीकडे चालायला लागले. पाना त्यांच्या हातातच होता.

"मला वाटलं, तू आता नाही बसणार," खालून आवाज आला. "म्हणजे... मला काय वाटलं ते मलाच नीट... सुमन, मी सगळंच एकट्याच्या हिशेबाने करून बघत होतो. तू हॉस्पिटलात होतीस ना, तेव्हा मी एकट्यापुरता भात लावून बघितलेला. जमतो का ते. गाडीपण तशीच लावली."

काय सांगू मला काय झालं. आधी असा संताप आला की दार उघडून त्याच्या पायावर पाय द्यावा. मी इथे भिंती चढतेय बोटांनी, आणि हा माझ्या मागे राहण्याची तालीम करतोय! मग त्याचे पाय दिसले. चपला काढून ठेवलेल्या, टाचांना भेगा, अंगठे एकमेकांना घट्ट लावून धरलेले. शाळेत फळ्यासमोर उभी केलेली पोरं असेच अंगठे धरतात.

"किती लागतो?" मी विचारलं.

"काय?"

"एकट्याला भात."

"अर्धी वाटी," तो म्हणाला. "तरी उरतो."

मला हलायची परवानगी नव्हती. डोळे पुसायलाही हात उचलता येईना. पाणी सरळ गालावरून खाली गेलं, घामात मिसळलं.

"मी आहे अजून," मी म्हटलं. "मोज आता नीट."

पान्याचा आवाज परत सुरू झाला.

संध्याकाळी गाडी मी घरी आणली. उगाच शौर्यकथा सांगत नाही, हात चांगलाच दुखला, आणि दुर्गाडीच्या पुलावर गाडी बंद पाडली तेव्हा मागच्या टेम्पोवाल्याने माझा उद्धार केला, त्यालाही मी सव्याज परत केला. बायपासला गाडी सकाळइतकी सरळ नव्हती, जराशी भटकत होती. विलासला ते कळत होतं. त्याने मान खिडकीकडे वळवून खाडीच मन लावून पाहिली. आमच्या गेटाशी मी गाडी जागच्या जागी न वळवता जराजरा पुढे-मागे सरकवत स्टेअरिंग फिरवलं, आणि खांब आणि तुळशी वाचवून ती चिंचेखाली उभी केली. काकू गॅलरीत होत्याच. "आलात का जोडीने?" म्हणाल्या. रात्री आमटी-भात केला, दोघांचा. उरला नाही.

त्यानंतर दर वर्षी हे दिवस आले की गाडीची चाकं तपासायची आणि माझीही तपासणी, असं चाललंय. भोईरांनी गॅरेज बंद केलं, मुलाकडे राहायला गेले. यंदा आम्ही जवळच्याच टायरच्या दुकानात गेलो. वातानुकूलित, आरशासारखी फरशी, चाकांना कॅमेरे लावून भिंतीवरच्या पडद्यावर कोन दाखवतात. दोरा नाही, पट्टी नाही. माझी तपासणी त्याच्या आदल्याच दिवशी झालेली. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एका जागी जरा जास्त वेळ पाहिलं आणि आणखी एक चाचणी लिहून दिली. "काही असेलच असं नाही," म्हणाल्या. रिपोर्ट यायचा आहे. आम्ही दोघंही त्याबद्दल बोललेलो नाही. विलासने सकाळी भाजी दोनदा फोडणीला टाकायला घेतली, एवढंच.

दुकानातल्या तरुणाने गाडीभोवती फेरी मारली, पुढचा उजवा टायर हाताने चाचपला. "अंकल, हा आतून जास्त घासलाय. सेटिंग हलक्या माणसाचं दिसतंय. तुम्ही चालवता ना हल्ली जास्त? बसा सीटवर, तुमच्या वजनाने लावून देतो. मग टायर नाही खाणार."

बरोबर होतं त्याचं. गेले काही महिने खांदा परत कुरकुरत होता, गाडी विलासच चालवत होता.

विलास सीटपाशी गेला. दार उघडलं. आणि दार धरून तसाच उभा राहिला, माझ्याकडे बघत.

"ही बसेल," तो म्हणाला.

"पण अंकल, चालवणार तुम्ही, तर टायर पुन्हा..."

"खाऊ दे टायर. ही बसेल."

मी गेले आणि बसले. हात स्टेअरिंगवर ठेवले. तो तरुण चाकाशी वाकला आणि म्हणाला, "आंटी, हलू नका हां. वेळ लागेल जरा."

"लागू दे," विलास म्हणाला.